थंड रेटिंगचा थर्मोस्टॅट बसवताना

इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बदलणं हे घरी करण्याजोगं काम आहे. दोन-तीन बोल्ट, एक होज पाइप, एक गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी पट्टी), एवढाच पसारा. मात्र मूळ रेटिंगपेक्षा कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट बसवायचा की नाही, याला वेळ द्यायला हवा. पुष्कळ जण तो ‘गाडी तापते’ म्हणून बसवतात आणि नेमकं तेच कारण चुकीचं आहे.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाने भरलेली एक छोटी कुपी असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडा ढकलला जातो, झडप उघडते आणि कूलंटला रेडिएटरची वाट मिळते. थर्मोस्टॅटवर 82, 88, 92 असा अंश सेल्सिअसमधला आकडा, म्हणजेच रेटिंग, कोरलेला असतो. झडप उघडायला सुरुवात कुठे होते, ते तो सांगतो. पूर्ण उघडायला आणखी साधारण 10 ते 15 अंश लागतात.

म्हणजे थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान किती खाली राहू द्यायचं ते ठरवतो, किती वर जाऊ द्यायचं ते नाही. झडप पूर्ण उघडली की 82 आणि 92 यांत काही फरक उरत नाही. पुढचं सगळं रेडिएटर, फॅन आणि वॉटर पंप यांच्या हातात. काटा लाल पट्ट्याकडे जात असेल तर आधी कूलंटची पातळी, चोंदलेला रेडिएटर, न फिरणारा फॅन, रेडिएटरची कमजोर कॅप, हेड गॅस्केट हे सगळं बघा. मूळचा थर्मोस्टॅट अडकला असेल तर त्याच रेटिंगचा नवा घाला. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं कूलंट रेडिएटरला टाळून परत फिरतं आणि भार पडल्यावर इंजिन उलट जास्त तापतं.

मग थंड थर्मोस्टॅट कोणासाठी? कॉम्प्रेशन किंवा टर्बोचा बूस्ट वाढवलेल्या, नॉकिंगच्या (सिलिंडरमध्ये इंधन नको तेव्हा आपोआप पेटण्याच्या) काठावर चालणाऱ्या इंजिनासाठी. सिलिंडर हेड थोडं गार राहिलं की नॉकिंगला जागा कमी मिळते. पण याचा पूर्ण फायदा हवा असेल तर ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंगही त्यानुसार करावं लागतं. रोजच्या, कंपनीच्या सेटिंगवर चालणाऱ्या गाडीला यातून फारसं काही मिळत नाही. उलट इंजिन अजून गरम झालेलं नाही असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडू शकतो, हीटर मंदावतो आणि तेलातली वाफ नीट उडून न गेल्याने त्यात गाळ साचायला लागतो. बऱ्याच गाड्यांत पी 0128 हा (इंजिन पुरेसं तापत नसल्याचा) बिघाड-कोड येऊन इंजिनाचा दिवाही लागतो.

रेटिंग निवडताना एकच पायरी खाली उतरा: 88 असेल तर 82. 71 अंशांचे थर्मोस्टॅट मिळतात, पण ते शर्यतीच्या इंजिनांना शोभतात. तुमच्या थर्मोस्टॅटला विजेचा कनेक्टर असेल, तर त्याची झडप ईसीयू स्वतः नियंत्रित करतो. तिथे हा बदल करूच नका.

फॅनचा विचार इथेच करून घ्या, कारण हा मुद्दा हमखास सुटतो. गाडी उभी असताना तापमान फॅनच्या सेटिंगवर ठरतं. फॅन 98 अंशांना सुरू होत असेल, तर 82चा थर्मोस्टॅट असूनही ट्रॅफिकमध्ये कूलंट 98पर्यंत चढणारच. म्हणून फॅनचा स्विच किंवा सेटिंगही थोडं खाली आणावं लागतं. मात्र फॅन बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वर ठेवा, नाहीतर फॅन थांबणारच नाही.

बसवण्याआधी नव्या थर्मोस्टॅटची परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने अधांतरी सोडा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर ठेवून हळूहळू तापवा. झडप आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे हलायला लागली आणि पाणी निवताना पूर्ण मिटली, की तो चांगला. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका; आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि उसळून चेहऱ्यावर येतं. बॅटरीची ऋण तार काढा, म्हणजे फॅन अचानक फिरणार नाही. रेडिएटरखाली स्वच्छ भांडं ठेवून कूलंटची पातळी थर्मोस्टॅटच्या खाली येईपर्यंत काढा. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे जनावरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा आणि गटारात ओतू नका.

हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते कवच, सहसा रेडिएटरच्या वरच्या होज पाइपच्या इंजिनाकडच्या टोकाला असतं. काही इंजिनांत ते खालच्या होजवर, वॉटर पंपाजवळ असतं. क्लिप सैल करा. होज चिकटलेला असेल तर ओढण्याआधी पिळून सोडवा. बोल्ट काढा, पण थर्मोस्टॅट उचलण्याआधी तो कसा बसलाय त्याचा फोटो घ्या.

खरी काळजी पुढे लागते. दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं गॅस्केट पूर्ण काढा. हाउसिंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून धारदार लोखंडी पात्याऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा. एक ओरखडासुद्धा गळतीला पुरतो. मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवा. हवा जाण्यासाठी छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला आली पाहिजे, कारण हवा वरच साठते. रबरी सील असेल तर सिलिकॉन लावू नका. बोल्ट आधी हाताने फिरवा, मग आलटून पालटून थोडेथोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा. हे बोल्ट बारीक असतात आणि ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात.

बॅटरी जोडा आणि गाडीला सांगितलेल्याच प्रकारचं कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून, सावकाश भरा. वेगळ्या प्रकारांची भेसळ करू नका. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, इंजिन चालू करा. वरच्या होजवर थर्मोस्टॅट असेल, तर तो होज बराच वेळ गार राहून मग पटकन गरम झाला की झडप उघडली समजा. हीटरमधून गार वारा येत असेल किंवा काटा वरखाली होत असेल, तर आत हवा अडकली आहे.

इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, पुढचे काही दिवस रोज सकाळी बघा आणि हाउसिंगच्या कडेवरून बोट फिरवून ओल लागते का तपासा. मोकळ्या रस्त्यावर काटा नेहमीपेक्षा फारच खाली राहू लागला किंवा पी 0128 आला, तर मूळ रेटिंगचा थर्मोस्टॅट परत बसवा.