वीज नियमांच्या मसुद्यावर हरकत पाठवताय? या चुका टाळा

वीज नियामक आयोग आपल्या विनियमांत, म्हणजे विजेच्या नियमांत, बदल करण्याआधी मसुदा काढून लोकांच्या हरकती मागवतो. त्या नोटिशीत 'पहिली दुरुस्ती' किंवा 'किरकोळ बदल' असं दिसलं की ठाण्याची वागळे इस्टेट काय, नवी मुंबईचं तुर्भे काय, बहुतेक लघुउद्योजक पान उलटतात. दरवाढीची याचिका आली की मात्र सगळे जागे! माझ्या मते खिशाला कात्री लागते ती अशाच दोन पानी दुरुस्तीतून, कारण तिच्यावर हरकत घेणारं फारसं कुणी नसतं.

दुरुस्ती एकटीच वाचणं. तिच्यात एवढंच असतं: अमुक विनियमातल्या तमुक शब्दांऐवजी हे शब्द घालावेत. यातून काय डोंबल कळणार? मूळ विनियम शेजारी ठेवा आणि बदललेला परिच्छेद अख्खा लिहून काढा. व्याख्या, मुदतीचे दिवस आणि लागू होण्याची तारीख या तीन जागा आधी तपासा. सोबत स्पष्टीकरणात्मक टिपण असेल तर तेही वाचा; बदल का करायचा आहे ते तिथे असतं.

भलत्याच दारात जाणं. पॉवर एक्स्चेंजवरची, म्हणजे विजेच्या बाजारातली खरेदी-विक्री, दिवसाच्या 96 ब्लॉकमधली पंधरा-पंधरा मिनिटांची बोली, हा दिल्लीतल्या केंद्रीय वीज नियामक आयोगाचा प्रांत. राज्यातले दर, पुरवठा संहिता (जोडणी, बिल, मीटर यांचे नियम) आणि राज्यांतर्गत ओपन ॲक्सेस (दुसऱ्याच विक्रेत्याकडून वीज घ्यायची मुभा) महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे. कळवा-मुंब्र्यात रोजचं काम टोरेंट कंपनी बघत असली तरी ती फ्रँचायझी, म्हणजे महावितरणने नेमलेली कंत्राटदार आहे. परवाना महावितरणचा, त्यामुळे दराची याचिकाही महावितरणचीच. बिलातलं 'वीज शुल्क' हा राज्य सरकारचा कर आहे, तो कमी करा असं आयोगाला लिहून उपयोग नाही.

स्वतःच्या बिलाचं गाऱ्हाणं घालणं. मार्चचं बिल दुप्पट आलं, मीटर फॉल्टी आहे, हे खरं असेलही. पण त्याची जागा ग्राहक तक्रार निवारण मंच. तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल.

आकड्यांशिवाय विरोध करणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'उद्योग देशोधडीला लागतील' हे वाक्य आयोगासमोर किती वेळा आलं असेल, देव जाणे. समजा, मसुद्यात स्वस्त विजेची वेळ पुढे सरकवायचा प्रस्ताव आहे आणि तुमचं मोल्डिंगचं युनिट सकाळी सातला सुरू होतं. टीओडी (टाइम ऑफ डे) मीटरच्या बिलात झोननिहाय, म्हणजे दिवसाच्या वेगवेगळ्या दराच्या वेळांनुसार, युनिट छापलेले असतात. वर्षभराची बिलं काढा, कोणत्या झोनमध्ये किती युनिट जातात ते मांडा, नव्या वेळेने त्याच युनिटला किती पैसे पडतील तो हिशेब जोडा. मशीन तापायला लागणाऱ्या वेळेमुळे शिफ्ट का सरकवता येत नाही, तेही दोन ओळींत लिहा. शेवटी विनियमाचा क्रमांक टाकून तुम्हाला हवं ते वाक्य स्वतः लिहून द्या. नुसतं 'रद्द करा' म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटतं.

घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये आणखी एक प्रकार चालतो: एकच मजकूर, प्रत्येक फ्लॅटची वेगळी सही. मुद्दा एकच राहतो हो! त्यापेक्षा कॉमन मीटरची बिलं जोडून, कमिटीचा ठराव घेऊन एक पत्र धाडा.

बारीकसारीक. प्रकरण क्रमांक, पूर्ण नाव, पत्ता, सही विसरू नका. मराठीत लिहिलं तरी चालतं. आयोगाच्या संकेतस्थळावर 'ई-पब्लिक कन्सल्टेशन'मधून हरकत नोंदवता येते. शेवटच्या संध्याकाळची वाट बघू नका. दराच्या याचिकेत प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं पत्रातच लिहा.

निकालानंतर चुकीचा मार्ग धरणं. विनियम अंतिम झाले की आयोग कारणमीमांसा काढतो. आपल्या मुद्द्याचं काय झालं ते तिथे शोधा. दराच्या आदेशाविरुद्ध विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात 45 दिवसांत जाता येतं. विनियमाच्या वैधतेला मात्र तिथे आव्हान देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय. त्यासाठी उच्च न्यायालयच गाठावं लागतं, आणि तो खर्च एकट्या युनिटला झेपणारा नसतो. असोसिएशनला आधीच गाठा.