शितावरून भाताची परीक्षा नको: नवख्या क्वार्टरबॅकचे पहिले सामने कसे पाहावेत

८ सप्टेंबर २०२४ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर केलेब विल्यम्स एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला आपला पहिला अधिकृत सामना खेळला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेला हा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) असल्यामुळे त्याच्याकडून साऱ्या शहराच्या अपेक्षा होत्या. त्याचा शिकागो बेअर्स संघ ०-१७ असा मागे पडला आणि अखेरीस २४-१७ असा जिंकला. आमच्या दिवाणखान्यात तेव्हा फक्त पेढे वाटायचे राहिले होते. मात्र त्या विजयात बेअर्सच्या आक्रमणाचा एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) नव्हता. एक टचडाउन अडवलेल्या पंटवर (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेल्या चेंडूवर) मिळाला आणि दुसरा प्रतिस्पर्ध्याचा पास बचावपटूने हिरावून घेतल्यावर. विल्यम्सने २९ पैकी १४ पास पूर्ण केले आणि अवघे ९३ यार्ड मिळवले. दुसऱ्या दिवशी ओळखीचे निम्मे लोक ‘पोरगा जिंकायला शिकलाय’ असे म्हणत होते, तर उरलेले ९३ हा आकडा सांगून डोक्याला हात लावत होते. दोघांचाही पुरावा त्या एकाच सामन्याचा होता.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळे तांदूळ एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेले असतात. एनएफएलच्या हंगामातील पहिल्या चार-पाच सामन्यांचे तसे नसते. प्रत्येक आठवड्यात प्रतिस्पर्धी बदलतो, क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या लाइनमधील एखादा खेळाडू दुखापतीने बाहेर जातो, कधी छताखालच्या स्टेडियममध्ये खेळावे लागते तर कधी भर पावसात. सतरा सामन्यांच्या हंगामात क्वार्टरबॅक एका सामन्यात साधारण तीस पास फेकतो, म्हणजे चार सामन्यांत सव्वाशेच्या आसपास. त्यातले दोन-तीन चेंडू पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या हाताला लागून उडाले तरी सगळी सरासरी हलते. म्हणून पहिल्या महिन्यात निकाल न देता नोंदी कराव्यात, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या कशा कराव्यात हे पुढे सांगतो.

इतिहासातले एक उदाहरण आधी समोर ठेवावे. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये पेटन मॅनिंग पहिल्या आणि रायन लीफ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. लीफच्या सॅन डिएगो संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले, तर मॅनिंगच्या इंडियानापोलिसने पहिले चारही गमावले. दुसऱ्या आठवड्यानंतर ज्यांनी निकाल लावला असेल त्यांना तिसऱ्याच सामन्यात धक्का बसला असेल, कारण कॅन्सस सिटीविरुद्ध लीफने १५ पैकी १ पास पूर्ण केला आणि त्यातून ४ यार्ड मिळाले. मॅनिंगने त्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी हिरावले, संघ ३-१३ असा (३ विजय, १३ पराभव) संपला, आणि पुढच्याच वर्षी तोच संघ १३-३ झाला. या उदाहरणाचा उलटा गैरवापरही फार होतो. ‘मॅनिंगनेही २८ दिले होते’ असे म्हणून कोणत्याही नवख्याच्या चुका माफ करणे म्हणजे निकाल आधीच लावून मग पुरावा शोधणे होय. मॅनिंगच्या त्याच हंगामात ३,७३९ यार्ड आणि २६ टचडाउन पासही होते, हे सांगताना बहुतेक वेळा विसरले जाते.

हंगामाआधीची तयारी

पहिला सामना सुरू होण्यापूर्वीच वहीच्या पहिल्या पानावर नवख्या क्वार्टरबॅकच्या सभोवतालची परिस्थिती लिहून काढावी. लाइनमधले पाच जण कोण आहेत आणि ते एकत्र किती खेळले आहेत, रिसीव्हर अनुभवी आहेत का, प्रशिक्षक आणि आक्रमणाचे नियोजन करणारा समन्वयक नवीन आहे का, पहिल्या पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाचा बचाव बलाढ्य आहे. हे आधी लिहायचे कारण सरळ आहे: पराभवानंतर लिहिले की ती सबब होते आणि विजयानंतर लिहायचे सुचतच नाही.

२००२ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सकडून खेळताना डेव्हिड कार एका हंगामात ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. २०२३ मध्ये कॅरोलायनाच्या ब्राइस यंगला ६२ सॅक सोसावे लागले, हंगाम संपण्याआधीच त्याच्या मुख्य प्रशिक्षकाला काढण्यात आले, आणि २०२४ मध्ये नव्या प्रशिक्षकाने दोनच सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवले. त्या वेळी बहुतेकांनी त्याचे नाव खोडून टाकले होते. ऑक्टोबरअखेर तो परत मैदानात आला आणि हंगामाच्या उत्तरार्धात स्पष्टपणे सुधारलेला दिसला. आसपासची स्थिती वेगळी लिहून ठेवलेली नसेल, तर अशा खेळाडूबद्दल आपले मत दर पंधरवड्याला पालटत राहते.

आकडे किती आणि कसे घ्यावेत

सामना संपल्यावर सर्वांत आधी डोळ्यांसमोर येते ते पासर रेटिंग. ते चार गोष्टींवरून काढतात: पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण, प्रत्येक पासमागे मिळालेले यार्ड, टचडाउनचे प्रमाण आणि इंटरसेप्शनचे प्रमाण. त्याची कमाल मर्यादा १५८.३ आहे. त्यात सॅक धरले जात नाहीत, क्वार्टरबॅक स्वतः पळून जे यार्ड काढतो ते येत नाहीत, आणि हातून सुटलेला चेंडूही मोजला जात नाही. नवख्या खेळाडूच्या बाबतीत नेमक्या याच तीन गोष्टी सर्वाधिक बोलक्या असतात, म्हणून केवळ रेटिंग पाहून मत बनवू नये.

पूर्ण पासांच्या टक्केवारीसोबत पास किती लांब फेकले हे नेहमी पाहावे. स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे येऊन खेळ सुरू होताच, बाजूला उभ्या असलेल्या रिसीव्हरकडे चेंडू सरकवत राहिले, तर टक्केवारी सुंदर दिसते आणि चेंडू जागचा हलत नाही. चेंडू हवेतून किती यार्ड गेला आणि झेलल्यानंतर रिसीव्हर किती पळाला, हे दोन आकडे आता सहज मिळतात, ते वेगवेगळे लिहावेत. एकूण यार्ड पाहतानाही सामन्याची स्थिती लक्षात घ्यावी. कॅम न्यूटनने २०११ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत ४२२ आणि ४३२ यार्ड फेकले आणि कॅरोलायनाने दोन्ही सामने गमावले. ते यार्ड खोटे नव्हते, त्याच्या हातातली ताकद खरीच होती. मात्र पिछाडीवर असलेला संघ अधिक पास फेकतो, म्हणून एवढ्या मोठ्या आकड्यातून संघ किती चांगला आहे ते कळत नाही.

इंटरसेप्शनचा हिशेब क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना लवकर उमगायला हवा. गोलंदाजाने उत्तम चेंडू टाकला आणि स्लिपमध्ये झेल सुटला, तर धावफलकावर बळी दिसत नाही, पण चेंडू उत्तमच होता. इथे उलट बाजूने तेच घडते. बचावपटूच्या थेट छातीवर मारलेला पास त्याने सोडला, तर कागदावर ती केवळ अपूर्ण फेक राहते, आणि अचूक पास आपल्याच रिसीव्हरच्या हातातून उडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर तो क्वार्टरबॅकच्या नावावर चढतो. म्हणून मी वहीत ‘द्यायला नको होता असा पास’ ही वेगळी नोंद ठेवतो, मग तो पकडला गेलेला असो वा नसो.

डोळ्यांनी काय पाहावे

मार्गदर्शनाचा खरा गाभा हाच आहे. थेट प्रक्षेपण पाहताना आपले डोळे चेंडूमागे धावतात आणि कॅमेराही तेच करतो. म्हणून सामना पुन्हा पाहणे आवश्यक आहे, आणि दुसऱ्यांदा पाहताना चेंडू मुद्दाम सोडून द्यावा. भारतात बसून पाहणाऱ्यांना हे एका अर्थी सोयीचेच आहे. रविवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना सप्टेंबरमध्ये भारतात रात्री साडेदहाला लागतो, आणि सोमवारी रात्रीचा सामना मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास, त्यामुळे पुष्कळजण नोंदवलेला सामनाच पाहतात आणि हवे तिथे थांबवू शकतात.

सगळा सामना पाहायला सवड नसेल, तर फक्त तिसऱ्या डाउनचे, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नाचे, खेळ पाहावेत. सहा-सात यार्ड हवे असतात, पास येणार हे बचावाला ठाऊक असते, आणि प्रशिक्षकाच्या युक्तीचे पांघरूण तिथे फारसे पुरत नाही. स्नॅपच्या क्षणी चित्र थांबवून मागचे बचावपटू कुठे उभे आहेत ते बघावे, मग हळूहळू पुढे नेत क्वार्टरबॅकचे हेल्मेट कुठल्या दिशेला वळते ते पाहावे. ते सुरुवातीपासून एकाच रिसीव्हरवर खिळलेले असेल, तर मागचा बचावपटूही तिकडेच सरकताना दिसेल. क्वार्टरबॅक पहिल्या रिसीव्हरवरून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे वळत असेल, तर चेंडू कोणी झेलला नाही तरी ती नोंद जमेच्या बाजूला करावी.

त्यानंतर पाय पाहावेत. गर्दी अंगावर येते तेव्हा पाय जमिनीशी हलके, लहान पावलांत सरकत राहतात की तो टाचांवर मागे रेलतो? पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने त्याच्याभोवती राखलेल्या जागेत, एक पाऊल पुढे जाऊन धोका चुकवतो की दर वेळी बाहेरच्या बाजूला पळत सुटतो? मोबाइलवरील घड्याळ लावून स्नॅपपासून फेकेपर्यंतचा वेळ मोजावा. अडीच सेकंदांच्या आत सॅक झाला, तर दोष बहुधा लाइनचा किंवा आखणीचा असतो. चार सेकंद चेंडू धरून ठेवल्यावर झाला, तर त्यात क्वार्टरबॅकचा वाटा मोठा असतो. सॅक म्हणजे नेहमी लाइनची चूक, हा समज मी स्वतः अनेक वर्षे बाळगला होता, आणि घड्याळ हातात घेतल्यावर तो सोडावा लागला.

एक खेळ नमुन्यादाखल सांगतो. २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स सिनसिनाटीविरुद्ध खेळत होता. त्याने त्या रात्री २३ पैकी २१ पास पूर्ण केले आणि वॉशिंग्टनने ३८-३३ असा विजय मिळवला. त्या २१ मधला जपून ठेवावा असा पास एकच आहे. सामन्याची दोन मिनिटे आणि काही सेकंद उरलेले, आघाडी निसटती, आणि बचावाने ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारे जादा खेळाडू, पाठवलेला. धावून येणारा बचावपटू अंगावर आदळत असताना डॅनियल्सने रिसीव्हर टेरी मॅक्लॉरिनसाठी २७ यार्डांचा उंच चेंडू टचडाउनच्या कोपऱ्याकडे सोडला आणि तो त्याच्या हातात पडला. त्याआधीच्या आठवड्यात वॉशिंग्टनने सात फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे गुण) मारून एकाही टचडाउनशिवाय सामना जिंकला होता आणि डॅनियल्सबद्दल शंका घेतल्या जात होत्या. मार खाण्याची खात्री असताना नजर वर ठेवणे शिकवून येते की नाही, मला शंका आहे. म्हणून एखाद्या नवख्याकडे ते दिसले की मी त्याखाली दोन रेघा ओढतो.

वहीचे तीन रकाने

प्रत्येक बिघडलेला खेळ तीनपैकी एका रकान्यात टाकावा: त्याची चूक, इतरांची चूक, आणि सांगता येत नाही. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर सुरुवातीला तोच सर्वांत लांब होईल. रिसीव्हर चुकीच्या दिशेने वळला की पास चुकीच्या जागी पडला, हे आखणी ठाऊक नसताना आपल्याला बऱ्याचदा कळूच शकत नाही, आणि अशा वेळी खेळाडूला किंवा प्रशिक्षकाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

चार सामने झाले की पहिला रकाना उघडून एकच प्रश्न विचारावा: तीच चूक पुन्हा होत आहे की नव्या चुका होत आहेत? डेन्व्हरच्या बो निक्सने २०२४ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत चार इंटरसेप्शन दिले आणि दोन्ही सामने गेले. चौथ्या आठवड्यात न्यू जर्सीच्या पावसात त्याने २५ पैकी १२ पास पूर्ण करून ६० यार्ड मिळवले आणि त्याच सामन्यात त्याचा पहिला टचडाउन पास आला. आकडे दयनीय होते. मात्र तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात मिळून त्याचा एकही पास हिरावला गेला नाही आणि संघाने दोन्ही सामने जिंकले. उरलेल्या १३ सामन्यांत त्याने २८ टचडाउन पास फेकले आणि डेन्व्हर बाद फेरीत पोहोचले. चार सामन्यांनंतर कोणालाही हे भाकीत करता आले नसते. चुकीची पुनरावृत्ती थांबली आहे, एवढे मात्र तेव्हाच लिहिता आले असते.

चांगल्या सुरुवातीलाही हाच नियम लावावा. २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडने पहिले दोन सामने गमावले, तरी त्यात एकही इंटरसेप्शन नव्हते, आणि हंगामाअखेर ४,१०८ यार्ड आणि केवळ ५ इंटरसेप्शन अशी त्याची नोंद झाली. दुसऱ्या वर्षी मात्र तो ५२ वेळा सॅक झाला आणि इंटरसेप्शन १२ झाले. आठ-नऊ सामन्यांचे चित्रीकरण प्रतिस्पर्ध्यांच्या हाती आले की ते त्याच्या सवयींवर उपाय शोधतात, म्हणून वही नवव्या आठवड्यात पुन्हा उघडावी आणि त्यानंतरच्या नोंदी वेगळ्या शाईने कराव्यात.

विल्यम्सची माझी वही अजून जवळ आहे. त्याचा पहिला हंगाम ६८ सॅक आणि ५-१२ अशा निकालाने संपला, आणि त्याच हंगामात आक्रमणाचा समन्वयक व मुख्य प्रशिक्षक दोघांनाही काढण्यात आले. माझ्या तिसऱ्या रकान्याची पाने त्यात सर्वाधिक होती. २०२५ मध्ये बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक झाले, लाइनच्या मधल्या भागात तीन नवे खेळाडू आले आणि सॅक मोठ्या प्रमाणात घटले. त्या हिवाळ्यात मी जुनी वही घेऊन बसलो आणि तिसऱ्या रकान्यातल्या बऱ्याच नोंदी दुसऱ्या रकान्यात हलवल्या. काही नोंदी, विशेषतः चार सेकंदांहून अधिक वेळ चेंडू धरून ठेवल्याच्या, पहिल्या रकान्यात होत्या आणि त्या तिथेच ठेवल्या.