सिगारेटवरून व्हेपवर: पहिल्या महिन्यात काय बिघडतं आणि ते कसं सावरायचं

व्हेप आणला, दोन दिवस ओढला, ठसका लागला, तलफ काही भागली नाही आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुन्हा पाकीट आलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांची सिगारेट सोडायची खटपट इथेच अडकते, आणि मग ‘आपल्याला जमत नाही बुवा’ असं म्हणून विषय संपतो. त्या दोन दिवसांत बिघडलेलं असतं ते बहुतेक वेळा अगदी साधं: लिक्विडमध्ये निकोटिन कमी, कॉइलला (लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या, कापूस लावलेल्या तारेला) न झेपणारं लिक्विड, आणि सिगारेटसारखा ओढलेला झुरका. तिन्ही दुरुस्त करता येतं.

पुढचं सगळं ब्रिटनमधल्या, आज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, त्याबद्दल शेवटी. ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही त्यानं व्हेपच्या वाटेला जाऊच नये. व्हेप निरुपद्रवी नाही. पण सिगारेट मारते ती मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरामुळे, आणि व्हेपमध्ये काही जळत नाही. त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन मोठे शत्रू वजा होतात. एवढ्यासाठीच एनएचएस सिगारेट सोडणाऱ्यांना हा पर्याय सुचवते.

यंत्र आणि लिक्विड

वापरून फेकायचे व्हेप १ जून २०२५ पासून इथे विकायला बंदी आहे. त्यामुळे चार्ज होणारा आणि पुन्हा भरता येणारा साधा पॉडचा संच घ्या (पॉड म्हणजे लिक्विड भरायची छोटी टाकी). मोठा, ढगभर वाफ सोडणारा नको. सिगारेटचा झुरका आपण आधी तोंडात घेतो आणि मग छातीत. तसाच ओढता येईल असा, घट्ट ओढीचा संच हवा. दुकानात ‘माउथ टू लंग’ म्हणून मागा. कॉइल ०.८ ते १.२ ओहमच्या दरम्यानची (ओहम हे तिच्या विद्युतरोधाचं माप). हवेची खिडकी सरकवता येत असेल तर सुरुवातीला जवळजवळ बंद ठेवा.

लिक्विडच्या बाटलीवर दोन आकडे बघायचे. पहिला निकोटिनचा. ब्रिटनमध्ये कायद्यानं कमाल २० मिलिग्रॅम प्रति मिली, बाटली १० मिलीची आणि पॉड २ मिलीचा. दिवसाला वीसच्या आसपास सिगारेटी असतील किंवा सकाळी उठल्या उठल्या अर्ध्या तासात पहिली पेटत असेल, तर सरळ २० घ्या. दहाच्या आसपास असतील तर १० ते १२. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: ‘सोडायचंच आहे ना, मग कमीपासून सुरुवात करू’ म्हणून ३ किंवा ६ घेतात. मग दिवसभर ओढूनही पोट भरत नाही, आणि संध्याकाळी सिगारेट जिंकते. आधी सिगारेट सुटू द्या, निकोटिन नंतर उतरवता येतं. २० मिलिग्रॅमचं घेताना ‘निक सॉल्ट’ घ्या. साधं निकोटिन एवढ्या ताकदीला घशाला फार टोचतं, सॉल्ट मऊ जातं.

दुसरा आकडा पीजी आणि व्हीजीचा, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं प्रमाण. छोट्या पॉडला ५०/५० हवं. ७० टक्के व्हीजी असलेलं लिक्विड काकवीसारखं दाट असतं. १.२ ओहमच्या कॉइलमधला कापूस ते वेळेत शोषू शकत नाही, कोरडा पडतो आणि करपतो. पीजीनं घसा फारच खवखवत असेल तर थोडं जास्त व्हीजीचं घ्या, पण मग कॉइलही कमी ओहमची लागेल.

चवीबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तंबाखूच्या चवीचं लिक्विड सिगारेटसारखं लागत नाही. सिगारेटची चव जळण्याची असते, आणि इथे जळणं नाही. ‘नकली लागतं’ ही तक्रार त्यातूनच येते. ज्यांना ती बोचते त्यांनी तंबाखूच्या मागे न लागता पुदिना, मेंथॉल किंवा एखादं फळ घ्यावं. वेगळी चव वेगळी म्हणूनच स्वीकारली जाते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चवी हाताशी ठेवा, कारण एकच चव सतत ओढली की जीभ बधिर होते आणि चार दिवसांनी काहीच लागेनासं होतं. तेव्हा लिक्विड खराब झालं असं समजून फेकू नका. चव बदला, पाणी प्या.

पॉड भरणं

हे घाईत केलं की नवी कॉइल पहिल्याच झुरक्यात जाते. रबरी बूच बाजूला करा, बाटलीचं टोक तिरकं धरून भोकात टेकवा आणि हलक्या दाबानं भरा. बुडबुडे वर येत राहतील, म्हणजे आतली हवा बाहेर पडतेय. काठोकाठ भरू नका, थोडी जागा सोडा. बूच घट्ट बसवा. बोटाला लागलेलं लिक्विड लगेच धुवा, निकोटिन कातडीतूनही शिरतं. आता पॉड यंत्राला न जोडता तोंडानं तीन-चार वेळा हलकं ओढा, म्हणजे कापसात लिक्विड खेचलं जाईल. मग दहा मिनिटं उभा ठेवून द्या. कापूस बाहेरून ओला दिसला तरी मधोमध कोरडा असतो. ती दहा मिनिटं त्याच्यासाठी.

बाटली आणि पॉड लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे, कुलपात किंवा वरच्या फळीवर ठेवा. गोड वासाचं ते लिक्विड मुलानं गिळलं तर जिवावर बेतू शकतं.

झुरका बदलावा लागतो

सिगारेट जोरात ओढली की जास्त जळते, जास्त देते. व्हेपचं उलट आहे. जोरात ओढलं की कॉइल तापण्याआधीच हवा निघून जाते आणि लिक्विडचे थेंब तोंडात येतात. गरम चहाचा घोट सावकाश घेतो तसं तीन-चार सेकंद हळू ओढा, वाफ तोंडात भरू द्या, मग छातीत घ्या. ठसका लागला तर ओढ आखूड करा आणि छातीत घेण्याआधी क्षणभर थांबा. पहिल्या आठवड्यातला ठसका बहुतेक वेळा यानंच जातो. दोन झुरक्यांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर कापूस पुन्हा भिजायला वेळ मिळत नाही.

दुसरी अडचण वेळेची. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. व्हेपचं बहुधा त्याहून सावकाश चढतं. दोन झुरके मारून ‘काहीच होत नाही’ म्हणून खाली ठेवू नका. पाच मिनिटं द्या. आणि सिगारेट संपते तसा व्हेप संपत नाही. थोटूक विझवण्याचा जो क्षण असतो तो इथे नाही, म्हणून हात सारखा तोंडाकडे जातो. सुरुवातीचे दोन आठवडे त्याचा हिशेब ठेवू नका, हवं तेव्हा ओढा. त्यानंतर मात्र १० ते १५ झुरके म्हणजे ‘एक सिगारेट’ धरा आणि यंत्र नजरेआड ठेवून द्या.

आपल्याला निकोटिन कमी पडतंय की जास्त होतंय, हे ओळखता आलं पाहिजे. चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, सतत काहीतरी खावंसं वाटणं: कमी पडतंय. ताकद वाढवा, किंवा फार्मसीतून निकोटिनचा पॅच घ्या. पॅच आणि व्हेप एकत्र चालतात. मळमळ, डोकं जड, गरगरणं, छातीत धडधड: जास्त झालंय. यंत्र ठेवा, पाणी प्या, मोकळ्या हवेत बसा. थोड्या वेळात उतरतं. रोज होत असेल तर एक पायरी खालचं लिक्विड घ्या.

करपट चव, गुडगुड, गळती

करपट चव आली की लगेच थांबा. पॉड रिकामा असेल तर भरा आणि दहा मिनिटं थांबा. भरलेला असूनही करपट लागत असेल तर कापूस जळलाय आणि तो पुन्हा सुधारत नाही, कॉइल बदला. एक कॉइल साधारण एक ते दोन आठवडे चालते. फार गोड लिक्विडमधली साखरेसारखी गोडी तापून तारेवर काळा थर धरते, तेव्हा ती चार दिवसांतही जाऊ शकते.

हुक्क्यासारखी गुडगुड म्हणजे कॉइलमध्ये लिक्विड जास्त शिरलंय. पॉड काढा, खालच्या बाजूला टिश्यू धरा आणि मनगटाला झटका देऊन तीन-चार वेळा झटका. टिश्यूवर तपकिरी डाग उमटतील. मग यंत्रातली पॉडची खाच कोरड्या टिश्यूनं पुसा. तिथे वाफ थंड होऊन पाणी साठतं, आणि लोक त्यालाच गळती समजतात. खरी गळती असेल तर बूच नीट बसलंय का बघा, आणि यंत्र खिशात आडवं न ठेवता उभं ठेवा. जानेवारीच्या थंडीत लिक्विड घट्ट होतं आणि झुरका कोरडा लागतो. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं की प्रश्न मिटतो.

चार्जिंगला सोबत आलेली केबल वापरा, लॅपटॉपचा दांडगा चार्जर नको, आणि रात्रभर लावून झोपू नका. शक्य असेल तर दुसरा स्वस्त संच घरात ठेवा. रात्री दहाला बॅटरी गेली आणि दुसरा संच नसला, की पाय दुकानाकडेच वळतात.

शरीराची कुरकुर, आणि चहा

पहिले काही आठवडे कफ वाढतो. फुप्फुसांच्या नळ्यांतले झाडू मारणारे सूक्ष्म केस धुरानं बधिर झालेले असतात. ते पुन्हा काम करू लागतात आणि साठलेलं बाहेर काढतात. ‘व्हेपनं खोकला वाढला’ म्हणून सिगारेटकडे परतणं म्हणजे नेमक्या सुधारणेच्या वेळी माघार घेणं. मात्र रक्त पडलं, दम लागला, छातीत दुखलं किंवा तीन आठवड्यांनंतरही खोकला हटला नाही, तर जीपीला दाखवा. तोंड कोरडं पडतं, कारण पीजी पाणी ओढतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. तोंड येणं, बद्धकोष्ठ, भूक वाढणं हे सिगारेट सुटल्यानं होतं, आणि काही आठवड्यांत जातं.

चहा-कॉफीची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरातली टारची द्रव्यं यकृताला कॅफीन भराभर निकालात काढायला लावतात. हे काम निकोटिनचं नाही, त्यामुळे व्हेपवर आल्यावर ती गती मंदावते आणि तेवढ्याच कपांतून रक्तात जास्त कॅफीन राहतं. दिवसाला पाच-सहा कप घेणारा माणूस मग रात्री छताकडे बघत पडतो, हात थरथरतात, आणि खापर व्हेपवर फुटतं. पहिल्या आठवड्यापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, दुपारनंतरची बंद करा. कपाची जागाही बदला: जिथे उभं राहून चहा आणि सिगारेट व्हायची तिथे चहा नको. याच कारणानं काही औषधांची मात्रा बदलावी लागते. थिओफिलीन, ओलान्झापिन, क्लोझापिन, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल, किंवा मधुमेहाला इन्सुलिन असेल, तर सिगारेट सोडण्याआधी जीपीला सांगा.

‘दिवसाला दोनच’ ठेवायच्या का?

सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे दोन्ही चालू राहिलं तर घाबरू नका, पण तारीख ठरवा. ‘वीसच्या दोनवर आलो’ याचा आनंद खरा असला तरी हृदयाला तो हिशेब कळत नाही. दिवसाला एक सिगारेटही हृदयविकाराचा धोका बराच वाढवते. वीसच्या धोक्याचा विसावा भाग इतका तो कमी नसतो. ज्या दोन उरतात त्या बहुधा ठरलेल्याच: सकाळची आणि जेवणानंतरची. त्याच वेळी व्हेप भरलेला आणि चार्ज केलेला हवा. एखादी चुकून ओढली गेली तर उरलेलं पाकीट पाण्याखाली धरा आणि व्हेप चालू ठेवा. धूम्रपान सोडवणाऱ्या स्थानिक केंद्रात फुंकून कार्बन मोनॉक्साइड मोजून देतात. सिगारेट पूर्ण बंद केल्यावर एक-दोन दिवसांतच तो आकडा न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. त्याच्याइतका धीर दुसरं काही देत नाही, जरूर मोजून घ्या.

दोन-तीन महिने सिगारेटची आठवण न येता गेले की निकोटिन उतरवायला घ्या: २० वरून १० ते १२, मग ६, मग ३. प्रत्येक पायरीवर किमान महिनाभर. उतरवल्यावर झुरके दुप्पट झाले किंवा सिगारेट आठवू लागली, तर एक पायरी वर जा आणि थांबा.

भारतात जाताना

व्हेप घरीच ठेवा. भारतात २०१९ च्या कायद्यानुसार ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक हा गुन्हा आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘स्वतःपुरता एकच आहे’ म्हणून बॅगेत टाकू नका. कतार किंवा सिंगापूरमार्गे जात असाल तर तिथेही बंदी आहे.

पण नऊ तासांचं विमान, मग मुंबईत आत्याकडे जेवण आणि गच्चीवर भावंडांनी पुढे केलेलं पाकीट: सुटलेली सिगारेट इथेच पुन्हा हातात येते. म्हणून निघायच्या सकाळी पॅच लावा आणि सोबत निकोटिनचा च्युइंग गम ठेवा. दोन मिलिग्रॅमचा गम भारतातही मेडिकलमध्ये मिळतो. तो खाण्याची पद्धत असते. हळूहळू चावा, तिखट झिणझिण आली की थांबून गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण ओसरली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. साध्या गमसारखा भराभर चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळते आणि तलफ तशीच राहते. गमच्या आधी पाव तास आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत नको, आंबटपणानं निकोटिन शोषलं जात नाही. आत्याचा चहा आधी पिऊन घ्या, पाव तास थांबा, आणि गच्चीवर जायच्या आधी गम तोंडात टाका. तिथे असताना कुणाशी बोलावंसं वाटलं तर तंबाखू सोडण्यासाठीची भारत सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८०० ११२ ३५६.