कास्ट आयर्न बुलेटला परफॉर्मन्स कॅम टाकायचाय? टायमिंग कव्हर उघडायच्या आधी हे बघून घ्या

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला (ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी रॉयल एनफील्ड) कॅम, म्हणजे फिरता फिरता वॉल्व्ह उघडणारा भाग, बदलायचं काम तसं अवघड नाहीये, इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही, उजव्या बाजूचं टायमिंग कव्हर काढलं की इनलेट आणि एक्झॉस्टचे दोन्ही कॅम समोर दिसतात. पण कव्हर उघडल्यावर मग सामान शोधत फिरायचं असं केलं तर गाडी महिनाभर उघडी पडते, धूळ आत जाते आणि शेवटी घाईत काहीतरी जुनंच परत टाकलं जातं. म्हणून तयारी आधी, पाना नंतर. हे सगळं 346 सीसीच्या पॉइंटवाल्या (जुन्या कॉन्टॅक्ट पॉइंट इग्निशनच्या) बुलेटबद्दल लिहितोय, 499 सीसीवाल्यांनाही बहुतेक लागू पडेल. यूसीई इंजिनाचं (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं नंतरचं) वेगळं आहे, त्यात हायड्रॉलिक टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे तुकडे) आहेत, त्यांनी यातलं टॅपेट सेटिंग वापरू नये.

सगळ्यात आधी इंजिन आत्ता कसं आहे ते तपासा. कंप्रेशन धरतंय का, वॉल्व्ह गळतायत का, सायलेन्सरमधून निळा धूर आहे का, आणि बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तो सांधा) आवाज आहे का. या इंजिनाचा बिग एंड फ्लोटिंग बुशवर चालतो, तो ढिला झाला असेल तर कॅमचे पैसे आधी क्रँकवर घाला, कारण नवीन कॅम आला की माणूस गाडी जास्त फिरवणारच आणि तो बुश आहे तो पण जाईल. झिजलेल्या इंजिनात कॅम टाकून पॉवर आली असं मी तरी कुणाचं बघितलेलं नाही, नुसती रिंग पिस्टन आणि वॉल्व्ह सीटिंग नीट केलं तरी अर्ध्या लोकांचं समाधान होतं.

आता निवड, आणि इथे घाई करू नका. कॅमच्या कागदावर मुख्य दोन आकडे असतात, लिफ्ट म्हणजे वॉल्व्ह किती उघडतो आणि ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंश फिरण्याएवढा वेळ उघडा राहतो. लिफ्ट वाढली की हवा जास्त जाते, त्याचा फायदा बऱ्याच आरपीएमवर मिळतो. ड्युरेशन वाढवलं की मात्र इनलेट वॉल्व्ह उशिरा बंद होतो, हळू फिरताना पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं. आपल्या बुलेटचं कंप्रेशन आधीच साडेसहा-सातच्या आसपास, त्यात हे झालं की खालचा दम गेलाच म्हणून समजा, आणि बुलेट घेतो कशासाठी तर त्या खालच्या दमासाठीच ना. दुसरी गोष्ट स्ट्रोकची, म्हणजे पिस्टन किती अंतर वरखाली जातो त्याची. बोअर 70 मिमी आणि स्ट्रोक 90 मिमी, म्हणजे 5500 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो, एवढ्या जुन्या क्रँकसाठी तो खूप आहे. मग सहा हजाराच्या वर पॉवर देणारा रेसचा कॅम घेऊन करणार काय, तिथवर हे इंजिन न्यायचंच नाहीये. म्हणून माझं स्पष्ट मत, लिफ्ट थोडी जास्त आणि ड्युरेशन स्टॉकच्या जवळपास असा माइल्ड कॅम घ्या, ज्याचा जोर 2500 ते 4500 मध्ये येतो. वरंधा किंवा आंबोलीचा घाट डबल सीट आणि सामान घेऊन तिसऱ्यावर चढायचाय, तर तुम्हाला हाच कॅम पाहिजे. ओव्हरलॅप (दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहणं) जास्त असलेल्या कॅमने आयडलिंग धडधडतं आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं, पीयूसीला त्रास होतो, हेही धरा. आणि दोन कॅमचे ड्युरेशनचे आकडे एकमेकांशी लावायचे असतील तर दोन्ही एकाच लिफ्टला मोजलेले आहेत का ते विचारा, नाहीतर तुलनेला काही अर्थ नाही.

घ्यायचा कुठून, तर इंग्लंडातलं हिचकॉक्स मोटरसायकल्स हे बुलेटच्या परफॉर्मन्स पार्टसाठी जुनं दुकान आहे, मागवता येतं पण कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. इकडे पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग, तिथे कॅम मिळतात पण डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, लिफ्ट आणि ड्युरेशनचा कागद नसेल तर तो कॅम घेऊ नका. स्टॉक कॅमच ग्राइंड करून वेगळं प्रोफाइल करून देणारेही आहेत, पण ग्राइंड केल्यावर वरचा कडक थर शिल्लक राहिला का, परत हार्डनिंग केलं का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, मऊ कॅम थोड्याच दिवसात घासून गोल होतो.

कॅमसोबत दोन्ही टॅपेट नवीनच घ्या. जुन्या टॅपेटचा तळवा जुन्या कॅमवर घासून बसलेला असतो, तो नव्या कॅमवर ठेवला की कॅम खातो, यात काटकसर नको. टॅपेट गाइडमध्ये हलतोय का तेही बघा. वॉल्व्ह स्प्रिंग नवीन, आणि नव्या लिफ्टला पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, निदान एक मिमी जागा राहते ना, ते मोजा. तसंच वॉल्व्ह पूर्ण खाली गेल्यावर वरची वाटी गाइडवर आदळत नाही ना. बाकी सामानात टायमिंग कव्हरचं गॅस्केट, रॉकर कव्हरची गॅस्केटं, ऑइल फिल्टर, 20डब्ल्यू50 ऑइल, मॉलीवालं असेंब्ली ल्यूब (नवे पार्ट बसवताना चोपडायचं वंगण) आणि क्रँकला ऑइल देणारा जो छोटा प्लग कव्हरमध्ये असतो त्याचं सील. हे सील दिसायला किरकोळ आहे पण ते फाटलं की ऑइल बिग एंडला न जाता बाजूला गळतं, त्यामुळे हे नसेल तर काम सुरूच करू नका.

हत्यारांमध्ये इंची पाने, इम्पॅक्ट ड्रायव्हर, फीलर गेज, टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पक्का करायला प्लगच्या भोकात बसणारा पिस्टन स्टॉप, क्रँक किती फिरला ते मोजायची 360 अंशाची डिग्री व्हील आणि वॉल्व्ह किती हलला ते मोजायला स्टँडसकट डायल गेज. शेवटची दोन नसतील तर ओळखीच्या वर्कशॉपमधून एक दिवसासाठी आणा. पिस्टन आणि वॉल्व्हमधलं अंतर बघायला मुलांची खेळायची क्ले लागेल.

कामाच्या दिवशी गाडी थंड पाहिजे. ऑइल आधी पूर्ण काढा नाहीतर कव्हर उघडताच सगळं पायावर येईल. उजवा फुटरेस्ट आणि आड येत असेल तर सायलेन्सरचा बेंड पाइप काढा. कव्हरचे स्क्रू कमीजास्त लांबीचे आहेत, पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून जागच्या जागी टोचून ठेवा. पिस्टन कंप्रेशनच्या टीडीसीला आणा, गिअरवरच्या खुणा कुठे जुळतायत त्याचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, पुशरॉड ढिले करा, मगच कॅम ओढा. क्रँकच्या टोकाला ऑइल पंप चालवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) आहे त्याला उलटे आटे असतात, कॅमसाठी तो काढायची गरज नाही, आणि काढायचाच झाला तर हे लक्षात ठेवा. पॉइंटचा गिअर शक्यतो हलवू नका, हलला तर इग्निशन टायमिंग परत लावायचं.

नवीन कॅम खुणा जुळवून बसवले की तेवढ्यावर थांबू नका. एक दात चुकला तरी वॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो, आणि खुणा बरोबर असूनही कॅम दोन-चार अंश इकडेतिकडे असू शकतो. डिग्री व्हील लावून इनलेट कधी उघडतो, कधी बंद होतो ते कागदाशी ताडून बघा. हेड काढून पिस्टनवर क्लेचा तुकडा ठेवा, हेड परत बसवा, टॅपेट सेट करा, हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, क्ले कापून सगळ्यात पातळ जागा मोजा, इनलेटला दीड मिमी आणि एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी नको. कुठे अडलं तर किक मारून बघू असं अजिबात नको. कव्हर एकदा गॅस्केटसह कोरडं बसवून कॅम मोकळे फिरतात का बघा. गिअर फार घट्ट बसले तर गाडी शिट्टी मारते, ढिले असतील तर टकटक करते. कव्हर पक्कं बसवताना पंपाचे दात वर्ममध्ये जात नसतील तर ठोकू नका, इंजिन हळू फिरवत ढकला.

टॅपेट सेटिंग थंड इंजिनवर, कंप्रेशनच्या टीडीसीला, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंट गॅप 0.35 ते 0.40 मिमी.

चालू करण्याआधी कॅमवर आणि टॅपेटच्या तळव्यावर मॉली चोपडलेलं असावं. चालू झाल्या झाल्या रॉकरला जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट थोडा ढिला करून ऑइल येतंय का बघा, आलं नाही तर लगेच बंद. मग आयडलिंगवर नुसती उभी ठेवू नका, नव्या कॅमला तिथे ऑइल कमी मिळतं आणि एअरकूल्ड इंजिन उभ्या उभ्या तापतं, सरळ मोकळ्या रस्त्यावर नेऊन वेग कमीजास्त करत चालवा, फुल थ्रॉटल नको. व्हीएम24 कार्बोरेटरचे मेन जेट (पेट्रोलचं माप ठरवणारं छोटं भोक) एक-दोन नंबर वरचे जवळ ठेवा, प्लग पांढरा येत असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर लागतील. साधारण दोनशे-तीनशे किमीला ऑइल बदला, काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून बघा, बारीक करडी पेस्ट चालते पण चकाकणारे कण दिसले तर कव्हर परत उघडायचं, आणि त्याच वेळी टॅपेट पुन्हा एकदा सेट करून घ्या.