या चुका टाळा: स्प्लिटर बंपरला नको, चासीला बांधा

फ्रंट स्प्लिटर, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेला पुढे आलेली आडवी फळी, बसवताना सर्रास होणारी चूक म्हणजे तो चार स्क्रू आणि दुहेरी टेपवर बंपरला लटकवणं. वेगात प्लास्टिकचा बंपरच वाकतो आणि स्प्लिटरवर आलेला भार पुढच्या चाकांपर्यंत पोचतच नाही.

थोडा हिशोब करा. दीड मीटर रुंदीची फळी बंपरच्या पुढे 10 सेंटिमीटर आली असेल, तर ताशी 120 किलोमीटरला तिच्या वरच्या बाजूवर फार तर 10 किलो भार येतो. ताशी 40 ला जेमतेम एक किलो, कारण हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. खरी कमाई खालून होते: फळीखालून जोरात पळणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि ती गाडीला खाली ओढते. म्हणून फळी बंपरखाली मागपर्यंत जाऊ द्या, चासीला ब्रॅकेटने घट्ट बांधा. पुढचे रॉड फक्त आधाराला. मग कडेवर पाय ठेवून उभे राहा. फळी लवली तर काम पुन्हा करा, त्यात कंटाळा नको.

एवढं करूनही फरक जाणवत नाही? बंपर आणि फळी यांच्यामधली फट बघा. वरची दाबलेली हवा तिथून खाली निसटते. रबर लावून फट बुजवा. फळीची पुढची कड वर उचललेली नसावी, नाहीतर हवा खाली शिरून नाकच उचलते.

एअर डॅम, म्हणजे बंपरखालची उभी भिंत, फार खोल नेली की पहिल्याच स्पीडब्रेकरला तुटते. खालचा भाग मडफ्लॅपसारख्या रबराचा ठेवा.

इंजिन तापायला लागलं तर रेडिएटरची गरम हवा बाहेर पडायची वाट फळीने अडवली आहे का, ते आधी तपासा.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र मागच्या बाजूला विसरण्याची. पुढची पकड वाढली आणि मागची तशीच राहिली, की वेगातल्या वळणावर गाडीची शेपटी सुटते. पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीची मागची बाजू जास्त वेगात हलकी पडायची. जर्मनीतल्या अपघातांनंतर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर, म्हणजे मागची बाजू उचलू न देणारी पट्टी, बसवला. म्हणून नवा स्प्लिटर आधी बंद ट्रॅकवर, रुंद वळणावर, वेग थोडा थोडा वाढवत तपासा. मागची बाजू सैल वाटली, तर मागे स्पॉयलर लागेपर्यंत स्प्लिटर काढून ठेवा.