प्लाकमधली डीएनए दुरुस्ती: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

हृदयाच्या धमन्यांवर संशोधन म्हटलं की आधी कोलेस्टेरॉल आठवतं. माझी बहुतेक वर्षं मात्र धमनीच्या भिंतीतल्या स्मूथ मसल पेशींच्या मागे गेली. प्लाकवरचं, म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबी साठून झालेल्या गाठीवरचं, तंतुमय आवरण याच पेशी तयार करतात, आणि ते फाटलं तर नवं कोलॅजन घालून सांधतातही त्याच. डीएनएचं नुकसान साठत गेलं की पेशी म्हातारी होते. विभाजन थांबतं, कोलॅजन कमी पडतं, वर दाह वाढवणारे रेणू सोडणं चालूच. डीएनए दुरुस्तीचा आणि प्लाक भरून येण्याचा संबंध इथे लागतो.

वाचनाची सुरुवात रेणूंपासून करू नका, पॅथॉलॉजीपासून करा. हृदयविकाराने अचानक दगावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांवर २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त हृदयांत प्लाक पूर्वी फाटून भरून आल्याच्या खुणा होत्या. म्हणजे प्लाक फुटला की झटका येतोच असं नाही. पण प्रत्येक वेळी गुठळीच्या जागी नवा थर बसतो आणि वाहिनी आणखी अरुंद होते. पिक्रोसिरियस रेड या कोलॅजनच्या रंगाने रंगवलेली स्लाइड ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलीत तर हे थर वेगळे काढता येतात: जुनं, जाड कोलॅजन तांबूस-नारिंगी, नवं आणि बारीक ते हिरवट. जमलं तर पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून पाहा, एकट्याने पुस्तक धरून हे डोळ्यात बसत नाही. जिवंत रुग्णात असेच थर ओसीटीवर (धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेल्या प्रतिमेत) दिसतात, कारण तिचं रिझोल्यूशन १० ते २० मायक्रॉन आहे.

आता खरी अडचण. प्लाकच्या सेक्शनवर गॅमा-एच-टू-ए-एक्सचे (डीएनए तुटलेल्या जागी उमटणाऱ्या प्रथिनखुणेचे) ठिपके मोजले की डीएनएचे दोन्ही धागे कुठे तुटलेत ते कळतं. दुरुस्ती बिघडली आहे का, हे त्यातून कळत नाही. ठिपके जास्त दिसतात ते नुकसान जास्त होतंय म्हणून, की दुरुस्ती मंदावली म्हणून? स्लाइड हा एका क्षणाचा फोटो. दुरुस्तीचा वेग मोजायचा तर पेशी कल्चरमध्ये वाढवायच्या, मोजून-मापून हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा किरणोत्सर्ग द्यायचा आणि ठिपके किती वेळात ओसरतात ते तासागणिक बघायचं. सोबत कॉमेट अ‍ॅसे, म्हणजे एकेका पेशीतला तुटलेला डीएनए विजेच्या प्रवाहाने शेपटीसारखा बाहेर ओढून मोजायची चाचणी. कंटाळवाणं काम आहे, पण दुरुस्तीबद्दल बोलण्याचा हक्क त्यानेच मिळतो.

छोट्या गोष्टींत खूप वेळ जातो. मरणाऱ्या पेशीचं अख्खं केंद्रक गॅमा-एच-टू-ए-एक्सने उजळतं, ते ठिपक्यांत धरायचं नाही. धमनीच्या भिंतीतलं इलास्टिन हे प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच चमकतं, म्हणून अँटिबॉडी न घातलेला कंट्रोल दरवेळी हवाच. प्लाकमध्ये साठलेलं कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए तिथेच खराब होतो, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए हळू असलं तरी तेच बरं. ८-ऑक्सोग्वानीन (ऑक्सिडेशनने बिघडलेलं डीएनएचं अक्षर) तर डीएनए काढतानाच हवेतल्या ऑक्सिजनने नव्याने तयार होऊ शकतं. आणि एका रुग्णाच्या स्लाइडवरच्या पाचशे पेशी म्हणजे पाचशे नमुने नव्हेत. संख्याशास्त्राच्या माणसाला प्रयोगाआधी भेटा, नंतर भेटून तो फक्त हळहळतो.

उंदरांबद्दल थोडक्यात. ८-ऑक्सोग्वानीन काढून टाकणारं ओजीजी१ हे एन्झाइम माणसाच्या प्लाकमधल्या स्मूथ मसल पेशींत कमी आढळतं. उंदरांच्या याच पेशींत ते वाढवलं तर प्लाक कमी होतो. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण या उंदरांचे प्लाक आपणहून क्वचितच फुटतात, त्यामुळे फुटलेला प्लाक भरून येतो कसा, यावर तो फारसं बोलत नाही.

प्रयोगशाळा निवडताना एवढं विचारा: ऊती कुठून येतात? मानेतल्या धमनीचा प्लाक शस्त्रक्रियेत काढला जातो, म्हणून तो मिळतो. हृदयाच्या धमनीचा बहुधा शवविच्छेदनातून किंवा प्रत्यारोपणात काढलेल्या हृदयातून. दोन्हींचे निकाल एकाच तक्त्यात सरमिसळ करत असतील तर सावध व्हा. रुग्णाच्या औषधांची नोंद ठेवतात का, हेही विचारा. स्टॅटिनमुळे (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांमुळे) पेशींतली डीएनए दुरुस्ती वेगाने होते असं प्रयोगांत दिसलं आहे, आणि यातले बरेच रुग्ण स्टॅटिनवरच असतात.