सड्याचा समोच्च नकाशा कसा करावा

रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळपठारांवर, वस्ती जवळजवळ नसते. वाड्या खाली उतारावर किंवा खाडीकाठी असतात आणि वर फक्त गुरे चरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर (भूरूप दाखवणाऱ्या नकाशावर) समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असल्यामुळे सगळा सडा पुष्कळदा दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेत मावतो. म्हणून टोपोशीट केवळ वाट दाखवण्यापुरती घ्यावी आणि स्वतःच्या नकाशासाठी १ मीटरचे अंतर धरावे.

सड्यावर दोनदा जावे. श्रावण-भाद्रपदात कातळावर पाणी कोठे साचते आणि कोणत्या पऱ्ह्याने (ओहोळाने) उतरते ते टिपून ठेवावे. मोजणी मात्र गवत वाळल्यावर, माघ-फाल्गुनात, सकाळी लवकर सुरू करावी, कारण अकरानंतर तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून स्टाफवरचे (उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे) आकडे नाचू लागतात.

उंचीसाठी जीपीएसवर विसंबू नये. कोकणात समुद्रसपाटी ही जीपीएस ज्या गणिती पृष्ठभागावरून उंची मोजते त्याच्या साठ मीटरांहून अधिक खाली असल्यामुळे ही दुरुस्ती न करणारे यंत्र ५० मीटर उंचीच्या सड्यावर उभ्या माणसाला चक्क समुद्राखाली दाखवते. त्यापेक्षा ज्ञात उंचीच्या खुणेपासून ऑटो लेव्हलने (नजरेची रेषा आपोआप आडवी ठेवणाऱ्या दुर्बिणीने) उंची वर आणावी, ३० मीटरच्या चौकटीत स्टाफ धरावा आणि शेवटी पुन्हा मूळ खुणेवर येऊन मोजणी बंद करावी. त्या खुणेची मूळ उंची आणि परत येऊन मिळालेली उंची यांतला फरक म्हणजे मोजणीतली चूक. फेरीचे अंतर किलोमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमूळाला २४ ने गुणले की चालण्याजोगी चूक मिलिमीटरमध्ये मिळते. ४ किलोमीटरच्या फेरीला ती ४८ मिलिमीटर होते. त्याहून जास्त आली तर आकडे जुळवत बसू नये, फेरी पुन्हा करावी.

होकायंत्राचेही तसेच आहे. येथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरापासून एका अंशाइतकेही ढळलेले नाही, पण कातळ स्वतः सुई फिरवू शकतो. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील कातळशिल्प (कातळावर कोरलेले प्राचीन चित्र) त्यासाठीच प्रसिद्ध आहे. प्रत्येक रेषेची दिशा दोन्ही टोकांवरून घ्यावी आणि दोन्हींत १८० अंशांचा फरक येतो का ते पाहावे. खुणेसाठी छिन्नी चालवण्यापूर्वी पायाखालचे गवत आणि माती झाडून घ्यावी, कारण अशी शिल्पे अनेकदा त्याखालीच दडलेली असतात.

गडगे, पाणंदी, चिरेखाणी आणि गुरांचे पाणवठे शेवटी भरावेत. सड्याच्या भागांची नावे गुराख्याला विचारावीत आणि तो उच्चारतो तशीच लिहावीत.